आमसोलमध्ये कामगार किती?

लालबागच्या चार तरुणांनी सोल संगीताचा बँड काढला, यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. त्याला परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही, आणि शेजाऱ्यांची हरकत नसेल तर दारही लावून घ्यावं लागत नाही. अडचण पुढे आली, या बँडवर चित्रपट काढायचं ठरलं तेव्हा. ती कशी आली हे मी क्रमाने सांगतो. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे. क्रम चुकला की निष्कर्ष चुकतो, एवढं तिथे नक्की शिकवलं होतं.

सुरुवात हितेशपासून झाली. हितेश लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत तळमजल्यावर सुरक्षा रक्षक आहे. त्या लॉबीत रोज बारा तास गाण्यांची एकच यादी वाजते. ती परदेशातल्या मुख्य कार्यालयात कुणीतरी बनवली होती. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि जाताना पासवर्ड घेऊन गेला, त्यामुळे ती बदलता येत नाही. सगळी गाणी साठ वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या काळ्या लोकांची. कारखान्यांच्या वस्त्यांमधून आणि चर्चमधून आलेली. एक जण काळीज सोलून गातो, बाकीचे त्याला उत्तर देतात आणि मागे ट्रम्पेट रडतात. याला सोल म्हणतात. हितेश गणपतीत बँजो पार्टीत ढोल वाजवतो. दोन वर्षं दारात उभं राहून त्याला त्या यादीतल्या एकेचाळीस गाण्यांचा ठेका पाठ झाला, आणि त्याबद्दल व्यवस्थापनाने त्याला दोनदा समज दिली, कारण तो पायाने ताल धरायचा.

त्याने ती गाणी चंदूला ऐकवली. चंदू मूळचा वरळी कोळीवाड्याचा, हळदीच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि एरवी मोटरसायकलवरून लोकांना जेवण पोचवतो. चंदू म्हणाला, "अरे, ही तर आपली हळद हाय रे! फक्त नवरा-नवरीचं भांडण झालंय."

मी कीबोर्ड वाजवतो. आणि ओवी तावडे गाते. ती आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचा आवाज कसा आहे हे मी ध्वनीच्या भाषेत सांगू शकतो, वारंवारता वगैरे, पण त्याने काही कळणार नाही. पहिल्या दिवशी तिने वरचा सूर लावला तेव्हा समोरच्या इमारतीतल्या गंगूबाईंनी कपडे वाळत घालायचे थांबवले आणि एक ओला परकर हातात धरून त्या चार मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. माझ्याजवळ याहून चांगलं मोजमाप नाही.

बँडला नाव ओवीच्या आजोबांनी दिलं. राजाराम तावडे, वय चौऱ्याहत्तर, गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. ते मंडळाच्या खोलीत, आम्ही सराव करायचो तिथे, कोपऱ्यात येऊन बसायचे.

"ह्या काय वाजवतास?" त्यांनी विचारलं.

"सोल, आजोबा," ओवी म्हणाली.

"सोल म्हंजे काय गो? आमसोल?"

आम्ही हसलो, मग लक्षात आलं. आम आणि सोल. दोन्ही शब्द जागच्या जागी बसले होते. त्याच संध्याकाळी हितेशने ढोलावर खडूने 'आमसोल' लिहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग आमचा एक व्हिडिओ सुरुची मॅडमनी पाहिला. त्या चित्रपट दिग्दर्शक आहेत. माणूस म्हणून अतिशय चांगल्या. चाळीत आल्या तेव्हा चपला बाहेर काढल्या, चहा पूर्ण प्यायल्या आणि शौचालयाचा फोटो काढायच्या आधी परवानगी विचारली. त्या म्हणाल्या, "मला तुमची गोष्ट सांगायची आहे. कामगार वस्तीतली मुलं सोल बँड काढतात. आणि तुमच्या भूमिका तुम्हीच करायच्या. मला खरे चेहरे हवे आहेत. खरे."

ओवी नंतर जिन्यात मला म्हणाली, "सिद्धांत, एक काम कर. त्यांना विचार, शेवटी नाव येणार ना?"

"कुठे?"

"पडद्यावर रे. पिक्चर संपल्यावर नावं येतात ना, वर सरकत."

ओवी मल्टिप्लेक्समध्ये कामाला आहे. प्रेक्षकांना त्यांच्या खुर्चीवर पॉपकॉर्न आणि कॉफी नेऊन द्यायची, आणि खेळ संपला की खुर्च्यांमधला कचरा उचलेपर्यंत थांबायचं. ती म्हणाली, "लोक उठून जातात. दिवे लागतात तरी नावं चालूच असतात. स्पॉटदादा, चहावाला, केस विंचरणारी, सगळ्यांची. चार वर्षं मी एकटी वाचतेय. एकदा त्यात ओवी तावडे येऊ दे. बस. मग मला काय नको."

मी विचारलं. सुरुची मॅडमनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "ऑफकोर्स! पहिलं नाव."

चित्रपटाला शासनाच्या एका योजनेतून मदत मिळणार होती. 'श्रमजीवी युवा चित्रपट प्रोत्साहन योजना'. नियमावली बत्तीस पानांची होती आणि पदवीधर असल्यामुळे ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. त्यातला फक्त नियम सात महत्त्वाचा. सात-अ: चार प्रमुख कलाकारांपैकी किमान तिघे प्रत्यक्ष कामगार असावेत, वय पस्तिसाच्या आत. सात-ब: त्यातला किमान एक स्थानिक असावा. सात-क: वर्ग निश्चित न झालेल्या व्यक्तीचं नाव पडद्यावर देता येणार नाही.

मला यात काहीच धोका दिसला नाही. आम्ही चौघंही कामाला जात होतो. किंबहुना सरावाला वेळ मिळत नव्हता तो कामामुळेच.

आमची फाइल आधी चुकून अन्नपदार्थांच्या विभागात गेली. तिकडून शेरा आला, 'आमसोलाचा नमुना, पाचशे ग्रॅम, जोडावा.' ओवीच्या आईने गावचं आमसोल दिलं. आम्ही जोडलं. फाइल लगेच योग्य टेबलावर पोचली.

ते टेबल कमलाकांत विजयकरांचं होतं. श्रम-वर्गीकरण अधिकारी. गिरगावातलं जुनं घराणं, पांढरा शर्ट, टोकदार पेन्सिल, आणि अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी आम्हा प्रत्येकाला 'आपण' म्हटलं. असं कुणी आधी म्हटल्याचं आम्हाला आठवत नव्हतं.

"श्री. चंद्रकांत," ते चंदूला म्हणाले, "आपण काय करता?"

"डिलिव्हरी, साहेब. जेवण पोचवतो."

"नेमणूकपत्रात पद काय?"

चंदूने फोन काढून दाखवला. "डिलिव्हरी पार्टनर."

विजयकरांनी पेन्सिल खाली ठेवली. "पार्टनर म्हणजे भागीदार. आपण त्या कंपनीचे भागीदार आहात. मग आपण मालकवर्गात येता."

"कुठला मालक, साहेब? काल एका बिल्डिंगमध्ये मला कुत्र्याच्या लिफ्टमधून पाठवला."

"ते त्या सोसायटीचं आणि आपलं बघा. कागद भागीदार म्हणतो."

मग हितेश. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'सिक्युरिटी ऑफिसर' लिहिलं होतं. विजयकर अर्धवट उठून उभे राहिले. "अहो, आपण अधिकारी आहात! उभे का? खुर्ची घ्या." हितेश त्याच्या आयुष्यात प्रथमच ड्यूटीच्या गणवेशात खुर्चीवर बसला. बसण्यात त्याला इतका आनंद झाला की आपण बाद झालो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. पद, 'ट्रेनी'. पाचवं वर्ष. "विद्यार्थी," विजयकर म्हणाले आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "शिका, खूप शिका."

ओवीचं पद होतं 'गेस्ट डिलाइट असोसिएट'. मराठीत आणायला विजयकरांना थोडा वेळ लागला. "अतिथी आनंद सहयोगी," ते सावकाश म्हणाले. "सहयोग हा ऐच्छिक असतो. आपण तिथे स्वखुशीने आनंद देता."

"दहा तास उभं राहून देते," ओवी म्हणाली.

"तेच म्हणतोय. केवढी ही आवड!"

चारही नावांपुढे शेरा पडला: वर्ग अनिश्चित. आमचे चेहरे पाहून विजयकर हळहळले. ते खरोखरच वाईट नव्हते. त्यांनी खाली वाकून आवाज उतरवला. "हे पाहा. मला एक कागद आणून द्या. एकच. ज्यात आपल्या कंपनीने आपल्याला कामगार किंवा कर्मचारी म्हटलं आहे. कुठलाही. मी डोळे मिटून सही करतो."

"साहेब, तुम्ही तरी कर्मचारी आहात ना?" चंदूने विचारलं.

विजयकरांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी निवृत्त झालो. आता मानधनावर आहे. माझा वर्ग... प्रलंबित आहे."

आम्ही एका कागदासाठी कामाला लागलो. चंदूने ॲपवर लिहिलं, 'मी तुमचा कामगार आहे असं पत्र द्या.' सात सेकंदांत उत्तर आलं, 'आपल्यासारख्या भागीदारांचा आम्हाला अभिमान आहे! आणखी काही मदत?' त्याने पुन्हा विचारलं तेव्हा भागीदारीविषयी नकारात्मक भाषा वापरल्याबद्दल त्याचं खातं दोन दिवस बंद झालं. हितेशच्या कंत्राटदाराने सांगितलं, पत्र देतो, पण आधी 'मी इथे कधीच कामाला नव्हतो' असं लिहून दे. माझ्या प्रयोगशाळेने माझं प्रशिक्षण एक वर्षाने वाढवलं, कारण मला अजून नियम कळलेले दिसत नव्हते.

ओवीला मात्र पत्र मिळालं. छापील, रंगीत, वर फुगे. मनुष्यबळ विभागाने लिहिलं होतं, 'ओवी ही आमच्या कुटुंबातील एक लाडकी सदस्य आहे.'

विजयकरांनी ते दोनदा वाचलं. "कुटुंबातील सदस्याने घरी केलेलं काम श्रमात धरता येत नाही," ते म्हणाले. "आमच्या घरीही सूनबाई बरंच करतात."

इथे सुरुची मॅडमनी हार मानली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण त्यांचा आमच्यावर जीव होता. त्यांनी एक वकील लावला आणि वकिलाने विचारलं, "त्या खोलीत अजून कोण असतं?"

"आजोबा असतात," मी म्हटलं. "झांज वाजवतात कधीकधी."

राजाराम आजोबांकडे गिरणीचा पास होता. पिशवीत, प्लास्टिकमध्ये, गणपतीच्या फोटोमागे ठेवलेला. त्यावर साधा शब्द छापला होता: कामगार. सहयोगी नाही, भागीदार नाही. विजयकरांनी तो पास हातात घेतला आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले, एखाद्या प्राणिशास्त्रज्ञाने नामशेष पक्षी पाहावा तसे.

"पण गिरणी कधीच बंद झाली," मी म्हणालो. प्रामाणिकपणा ही विज्ञान शाखेची वाईट सवय आहे.

"गिरणी बंद झाली," विजयकर म्हणाले. "पण त्याआधी संप झाला. आणि यांच्या गिरणीचा संप मागे घेतल्याचं पत्र आमच्या दप्तरात नाही. मी काल सव्वीस फायली उघडल्या. पत्र नाही. म्हणजे श्री. तावडे आजही संपावर आहेत. कामगार आहेत, फक्त गैरहजर."

"त्यांचं वय चौऱ्याहत्तर आहे. अट पस्तिसाची."

"सेवापुस्तकात शेवटची नोंद आहे तेव्हा वय एकतीस. त्यानंतर नोंदच नाही." विजयकरांचे डोळे चमकत होते. इतक्या वर्षांत त्यांना एक सही करायला मिळणार होती. "कागदोपत्री ते एकतिसाव्या वर्षी थांबले आहेत."

प्रमाणपत्र आलं. 'श्री. राजाराम तावडे हे युवा कामगार आहेत.' चाळीत पेढे वाटले. ओवीच्या आईने ते फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी लावलं. थोडक्यात, आमसोलमध्ये रोज दहा-बारा तास काम करणारे चौघं कामगार नव्हते, आणि जो एकमेव कामगार होता तो त्रेचाळीस वर्षं कामावर गेला नव्हता.

आता आजोबांनी चित्रपटात काम करायचं, असं ठरलं. सुरुची मॅडम हजेरीपटावर त्यांची सही घ्यायला स्वतः आल्या. पण विजयकरांनी आधीच फोन करून एक तांत्रिक मुद्दा सांगितला होता. आजोबांनी दुसरीकडे काम स्वीकारलं तर त्यांचा संप संपतो. संप संपला की ते कामगार राहत नाहीत. म्हणजे कामगार म्हणून चित्रपटात यायचं असेल तर त्यांनी काम करता कामा नये.

सुरुची मॅडम अवघडून आजोबांना म्हणाल्या, "बाबा, तुम्ही फक्त यादीत राहा. सेटवर नाही आलात तरी चालेल."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तसो पण मी येवचंय नव्हतंय. संप काय माझ्या एकट्याचो नाय. मी एकटो कसो मोडू?"

त्यांच्या आवाजात विनोद नव्हता. ओवीने कप उचलले आणि आत जाऊन विसळायला घेतले.

सात-ब सुटला. स्थानिक कामगार, एक, यादीत हजर. आता सात-अ साठी आणखी दोन हवे होते. ते वकिलाने एका दिवसात शोधले. नट अर्णव आणि नटी सलोनी. दोघांकडे चित्रपट कामगार संघटनेचं कार्ड होतं. अर्णव वरळीला एकेचाळिसाव्या मजल्यावर राहतो. विजयकरांनी कार्ड उजेडात धरून पाहिलं, शिक्का पाहिला, सही पाहिली.

"कामगार," ते म्हणाले. "निःसंशय."

चौथी भूमिका नियमात सूट असलेली होती, ती एका निर्मात्याच्या भाच्याला दिली. सुरुची मॅडम आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. खोटं नव्हतं ते. त्या म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी. पण तुम्ही या फिल्मचा आत्मा आहात. मी तुम्हाला सोडणार नाही." आणि त्यांनी आम्हाला कलाकारांच्या प्रशिक्षणासाठी घेतलं. कागदावर आम्ही 'वर्गानुभव मार्गदर्शक' झालो. वर्ग अनिश्चित असलेल्यांनी वर्गाचा अनुभव शिकवायला नियमात बंदी नव्हती.

चंदूने अर्णवला मोटरसायकलवर थकून बसायला शिकवलं. अर्णव मेहनती होता. वहीत लिहून घ्यायचा. "भाई, पाठ नेमकी कुठून दुखते? वरून की खालून?"

"सांगता येत नाय, सर. बसल्यावर खालून, उतरल्यावर वरून."

"ग्रेट. म्हणजे ती प्रवास करते."

"व्हय. आमच्यासोबतच असते."

हे वाक्य पुढे चित्रपटात आलं. ट्रेलरमध्येही होतं.

सलोनी गाऊ शकत नव्हती. त्यामुळे तिला ओठ हलवायला सोपं जावं म्हणून ओवीने सगळी गाणी आधी गाऊन दिली. तात्पुरती, सुरुची मॅडम म्हणाल्या. नंतर मोठी गायिका गाणार होती. मोठी गायिका आली, ऐकून म्हणाली, "हे कोण गायलंय? हेच ठेवा," आणि निघून गेली. असं म्हणणारी ती या प्रकरणातली एकमेव व्यक्ती.

म्हणून आवाज ओवीचाच राहिला. प्रश्न नावाचा होता. सात-क नुसार वर्ग अनिश्चित असलेल्या माणसाचं नाव देता येत नव्हतं. पण आवाजाचं देता येत होतं, कारण आवाजाला वर्ग नसतो. वकिलाने मार्ग काढला. ओवीचं गाणं, कुकरच्या शिट्ट्या, नळावरची भांडणं आणि चंदूचा ट्रम्पेट एका शीर्षकाखाली घातले: 'स्थानिक ध्वनिवातावरण – लालबाग.'

ओवीला हे मी सांगितलं. आम्ही मंडळाच्या खोलीत होतो. तिने विचारलं, "म्हणजे कुकर आणि मी?"

"आणि चंदू."

"कुकरचं तरी नाव असतं रे, कंपनीचं," ती म्हणाली, आणि ढोलावरचा 'आमसोल' बोटाने पुसत राहिली. पूर्ण पुसला नाही. 'सोल' ठेवला.

चित्रपट लागला. फार नावाजला गेला. राजाराम आजोबा यादीत होते पण रोज गैरहजर, म्हणून बँडच्या दृश्यांत एक खुर्ची कायम रिकामी ठेवावी लागली होती. समीक्षकांनी त्या खुर्चीवर स्वतंत्र परिच्छेद लिहिले. गिरणगावातल्या पोकळीचं इतकं समर्थ प्रतीक मराठीत आलं नव्हतं म्हणे. चित्रपटाच्या शेवटी नावं आली तेव्हा 'राजाराम तावडे (संपावर)' अशी ओळ होती. आजोबांना त्याचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "आणि ओवीचा खंय?"

आता मूळ मुद्द्यावर येतो.

पहिल्या रविवारी, दुपारच्या खेळाला, स्क्रीन तीनमध्ये मध्यंतरानंतर जे-बारा या खुर्चीवर एक कॅरॅमल पॉपकॉर्न, मोठं, आणि एक गरम कॉफी मागवली गेली. ती घेऊन ओवी आत गेली तेव्हा पडद्यावर शेवटचं गाणं सुरू होत होतं. तिने ते गायल्यापासून एकदाही मोठ्या पडद्यावर ऐकलं नव्हतं. तिची ड्यूटी नेहमी दुसऱ्या स्क्रीनला लागायची. जे रांगेपाशी पोचल्यावर वरचा सूर आला. गंगूबाई थांबल्या होत्या तोच. ओवी ट्रे घेऊन उभी राहिली. अकरा सेकंद. पुढे आलेल्या नोटिशीला जोडलेली कॅमेऱ्याची नोंद मी पाहिली आहे, त्यामुळे हा आकडा अचूक आहे. स्क्रीन तीन जिथे आहे तिथे पूर्वी आजोबांच्या गिरणीचं साचाखातं होतं हेही मी नकाशावरून ताडून पाहिलं आहे, पण त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

जे-बारावरच्या व्यक्तीच्या डोळ्यांत पाणी होतं, असं ओवी सांगते. पडद्याच्या उजेडात तिला दिसलं. तिला वाटलं, आता ही व्यक्ती आपल्याकडे पाहील. पाहिलंही. आणि म्हणाली, "ओ मॅडम, खाली व्हा ना. गाणं चालू आहे."

ओवी खाली झाली. पॉपकॉर्न दिलं, कॉफी दिली, वाकून बाहेर आली.

खेळ संपला. नावं वर सरकू लागली तेव्हा जे-बारा रिकामी होती. पार्किंगच्या लिफ्टची वाट पाहताना फोनवर दोन प्रश्न आले आणि दोन्हींची उत्तरं दिली गेली. चित्रपटाला पाच तारे: 'या लोकांचं दुःख पहिल्यांदा कळलं.' सेवेला एक तारा: 'गाण्याच्या वेळी मध्ये उभी होती. छातीवरच्या पाटीवर ओवी असं नाव होतं.'

चित्रपटाच्या संदर्भात ओवीचं नाव कुठे लिहिलं गेलं असेल तर ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस आली. या वेळी फुगे नव्हते. 'आपण कर्मचारी आहात, प्रेक्षक नव्हे, याची नोंद घ्यावी.' ओवीने ती वाचली, घडी केली, पुन्हा उघडली आणि माझ्याकडे धावत आली. "सिद्धांत, बघ! कर्मचारी! लिहिलंय! सहीसकट!"

आम्ही नोटीस घेऊन विजयकरांकडे गेलो. त्यांनी ती वाचली आणि उभे राहून ओवीशी हात मिळवला. "अभिनंदन! हाच तो कागद." मोबाइलवर दाखवायच्या प्रतीत नावांची दुरुस्ती अजून करता येते, मुदत या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत, असं त्यांनी सुरुची मॅडमना फोन करून लगेच सांगितलं. त्या फोनवर रडल्या. मग विजयकरांनी पेन्सिल उचलली आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"एक बारीक त्रुटी आहे," ते म्हणाले. "कंपनी कर्मचारी म्हणते ते एका तक्रारीच्या आधारावर. तक्रारीवर नाव नाही. फक्त आसन क्रमांक. उद्या कंपनी म्हणेल, तक्रारच बनावट, म्हणून नोटीस रद्द, म्हणून कर्मचारीही रद्द. तक्रारदाराचं दोन ओळींचं पत्र हवं. त्या वेळी या बाई काम करत होत्या, एवढंच."

मल्टिप्लेक्सने जे-बाराचं नाव द्यायला नकार दिला. अतिथींची गोपनीयता त्यांना प्राणाहून प्रिय आहे. म्हणून हे सगळं मी इथे छापायला देतो आहे. मराठी वाचणारे, चांगला चित्रपट पाहणारे आणि त्यात रडणारे लोक फार नाहीत. त्यामुळे जे-बारा हे वाचत असण्याची शक्यता, माझ्या हिशेबाने, बरीच आहे.

तर आपण तेच असाल तर कृपया लिहा. माफी नको, कुणी मागितलेली नाही. तारे बदलायचीही गरज नाही. ते बदलले तर नोटीस रद्द होईल. फक्त एवढंच लिहा की अमुक वारी, अमुक वेळी, ओवी तावडे आपल्यासमोर उभी होती आणि काम करत होती.

ती गात होती असं लिहू नका. त्याला पुरावा नाही.